चिखलातला राग

माझ्या बापाला भात कळत नव्हता आणि माणसंही कळत नव्हती. तापीकाठच्या काळ्या जमिनीत कापूस-ज्वारी पिकवणारा गडी तो. भाऊबंदकीत चुलत्याचं डोकं फोडून बसला आणि गाव सोडून नवापूरकडे भाताची खाचरं कसायला आला. पन्नासच्या दशकात तिकडे जपानी पद्धतीच्या भातशेतीचा बोलबाला होता. शेतकी खात्याचे साहेब सांगून गेले, हिरवा पाला चिखलात गाडा. पुढचं बापाने ऐकलंच नाही. करंजाचा, तागाचा, हाताला लागेल तो पाला त्याने खाचरात कोंबला, वर पोटरीभर पाणी तुंबवलं आणि बांधावर राखणीला बसला. जन्म कोरडवाहूत गेलेला. साठलेलं पाणी सोडून द्यायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं.

श्रावणात खाचर बुडबुडायला लागलं. पाय टाकला की चिखलातून फुगे वर यायचे आणि सडक्या अंड्यांचा वास सुटायचा. रोपं पिवळी पडली. उपटून पाहिलं तर मुळं काळी. बापाने शेजाऱ्याला शिव्या घातल्या, बैलाला झोडपलं आणि भाकरी घेऊन आलेली माय दिसली तशी तिच्यावर घसरला.

“तुन्हा पायगुन वाईट शे! तू उनी नि वावर मरनं!”

फावड्याचा दांडा तिच्या पाठीवर बसला. ती बांधावर पडली. तो मारत राहिला, ती लोळत राहिली आणि त्या झटापटीत ओला बांध खचला. पाणी धो धो ओढ्याला गेलं. बाप पाण्यामागे धावला म्हणून माय वाचली.

पावसाने उघडीप दिली, चिखलाला भेगा पडल्या. मग पुन्हा पाऊस आला आणि भात असा हिरवागार उठला की गाव बघायला आलं. बाप छाती काढून सांगायचा, “मार पडना म्हनीसन वावर सुधरनं.” लोक हसायचे. मलाही ती थट्टाच वाटली. पण पुढच्या श्रावणात खाचर बुडबुडलं तेव्हा त्याने मायला घरातून फरफटत नेलं आणि त्याच जागी मारलं. तिथला बांध कच्चाच राहिला होता, तो पुन्हा खचला. भात पुन्हा सुधारला. आता या माणसाला कोण समजावणार! मग दर श्रावणात हेच.

मी मोठा होऊन शेतकी शाळेत गेलो. तिथे मास्तरांनी एकदा भाताच्या चिखलाचा धडा घेतला. पाण्याखालच्या चिखलात हवा नसते. डोळ्यांना न दिसणारे जीव तिथे असतात. काही पाला कुजवतात, काही त्या कुजक्यातून मिथेन नावाचा वायू करतात. वास मारतो तो दुसराच वायू, मुळांचा काळ. पाणी काढून चिखलाला हवा लागली की हवेला भिणारे हे जीव गप्प पडतात आणि मुळं मोकळी होतात. भर वर्गात मला रडू कोसळलं. माझी माय विनाकारण मार खात होती! आता वाटतं, मार खायला कारण असतं तरी कुठलं? पण तेव्हा मी मनाशी म्हटलं, खरं कारण सापडलं, म्हणजे मार थांबेल.

राखीपौर्णिमेला घरी आलो. पाण्याने भरलेली बाटली खाचरात उपडी धरली, चिखल ढवळून बुडबुडे तिच्यात घेतले. तोंडावर अंगठा दाबून ती गोठ्यातल्या अंधारात नेली, माय-बापाला बोलावलं आणि काडी लावली. भप्पकन निळी ज्योत उठली.

“आबा, हाऊ वायू शे. चिखलमाना जीव करतंस. पानी सोडं की...”

बापाने मला पुढे बोलू दिलं नाही. “पाह्य,” तो मायला म्हणाला, “वावरना पोटमा राग शे. तो काढना पडस.” आणि तिथल्या तिथे तिच्या कानशिलात लगावली. मी मध्ये पडलो तर मला गव्हाणीवर आपटलं. माझा एक दात त्या गोठ्यात राहिला.

पुढच्या वर्षी देवच पावला. नवापूरच्या बाजारात बापाने एका कापडवाल्याचं नाक फोडलं आणि ऐन श्रावणात कोठडीत जाऊन बसला. मी शाळेतून सुट्टी काढून आलो, निवांत बांध फोडला, खाचर सुकवलं, पुन्हा भरलं. त्या दिवसांत माय भाकऱ्या थापताना गाणं गुणगुणायची. तिला गाणं येतं हे मला ठाऊकच नव्हतं.

बाप सुटून आला. बांधावर उभं राहून त्याने हिरवं रान डोळे भरून पाहिलं आणि मला विचारलं, “कोनले मारं रे?”

“कोनलेच नही. फक्त पानी सोडं.”

त्याचा विश्वास बसेना. घरात जाऊन त्याने मायचे हात उलटसुलट करून पाहिले, पाठ पाहिली. वळ कुठेच नव्हता. मग तो ओट्यावर येऊन बसला. मी सगळं पुन्हा सांगितलं. पहिल्यांदाच त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान डोलावली. मी जिंकलो होतो. निदान मी तसं समजत होतो.

त्याच्या पुढच्या श्रावणात मी आलो ते थेट खाचरावर गेलो. बापाने स्वतःच्या हाताने पाणी सोडलं होतं. चिखलाला भेगा पडल्या होत्या, एक बुडबुडा नव्हता. मला नाचावंसं वाटलं. तशाच आनंदात घरी जाऊन जेवायला बसलो. माय डाव्या हाताने वाढत होती. उजवा खांद्यापासून लोंबत होता.

“माय, काय व्हयनं?”

तिने माझ्या ताटात भाकरी टाकली. बाप बोलला, घास चावत. “पानी बी सोडं, हात बी चालाडा. एकवरच भरोसा कसा ठेवू?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. खत कोणतं टाकलं ते सांगावं, तसं तो सांगत होता. माझं डोकं फिरलं. कोपऱ्यात काठी होती. ती मोडून चुलीत घालावी म्हणून मी उचलली आणि वळलो. मायने मला पाहिलं आणि डावा हात डोक्यावर धरून ती खाली बसली.