सत्तारभाई आणि मनगटाची मशीन

सत्तारभाई गेल्याची बातमी मला त्यांच्या घरून कळली नाही, मोबाइलवर कळली. आमच्या वॉर्डाच्या ग्रुपवर एक चित्र येऊन पडलं. चित्राच्या पाऊण भागात हात जोडून उभे असलेले वॉर्डाचे साहेब, पांढराशुभ्र सदरा, ओठांवर नेहमीचं हसू. निदान आज तरी हसू नसलेला फोटो शोधावा, एवढे कष्टही कोणी घेतले नव्हते. आणि खाली कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढे सत्तारभाई. मी आयुष्यभर चंद्रपूरच्या पोस्टाच्या खिडकीत बसून तिकिटं विकली, त्यामुळे मापाची मला खात्री आहे. मी मेथी निवडत होते. ताट बाजूला सारलं आणि कितीतरी वेळ त्या चित्राकडे नुसती बघत राहिले... लोक म्हणतात, अशा वेळी डोळ्यांत पाणी येतं. मला शिसारी आली. आता काही आठवडे उलटलेत. दुःख हळूहळू पोचतं आहे, पण शिसारी गेलेली नाही. साहेबांचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव छापून आलेलं त्यांना फार आवडतं.

सत्तारभाई बँडवाले. परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आतल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर आणि माझं घर समोरासमोर. लग्न होऊन मी या गल्लीत आले, तेव्हा वरातीपुढे ट्रंपेट वाजवत तेच होते, आणि नंतर माझ्या दोन्ही मुलींना सासरी पोचवतानाही तेच. मूल, सिंदेवाही, भद्रावती, पार गडचिरोलीपर्यंत त्यांचा बँड मेटाडोरमध्ये बसून जायचा. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, उन्हाळ्यातसुद्धा. एकदा जंगलातल्या एका गावी लग्न होतं. मुलाकडच्यांनी हौसेनं शहरातून बँड नेला, पण मुलीकडच्या गोंड मंडळींचे स्वतःचे ढोल होते आणि त्यांचं नाचणं सुरू झाल्यावर बँडकडे कोणी बघेना. दुसरा एखादा मास्तर चिडला असता. सत्तारभाईंनी आपल्या माणसांना थांबवलं, खाली बसून बराच वेळ ते ढोल ऐकले आणि मग अगदी हळू आवाजात त्यात ट्रंपेट मिसळलं. परत आल्यावर मला म्हणाले, "बाई, इतके वर्स फुंकून राह्यलो, पण बिदागी देणाऱ्याकडे पाहून. त्या दिवशी पह्यल्यांदा ढोलाकडे पाहून फुंकलं." असं काही सांगताना ते हातातला चहा विसरून जायचे.

मग डीजे आले. ट्रॅक्टरवर भिंतीएवढे खोके चढले आणि बँडच्या तारखा रिकाम्या राहू लागल्या. तरी जुनी चार-दोन घरं बोलवायची. अशाच एका लग्नात वाजवता वाजवता त्यांच्या नाकातून रक्त आलं, लाल कोटावर ओघळलं, आणि पाहुण्यांना वाटलं पान थुंकला मास्तर. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बीपी तपासलं, गोळी लिहून दिली आणि सांगितलं, ट्रंपेट बंद. गाल फुगवून जोर लावणं बंद म्हणजे बंद. नागपूरला दिलेल्या त्यांच्या मुलीनं, रुखसानानं, पुढच्याच खेपेला एक चांगली मशीन आणून दिली, दंडाला पट्टा बांधायची. ट्रंपेट पेटीत गेलं आणि ओट्यावर मशीन आली.

संध्याकाळी त्या ओट्यावर आमची बैठक असे. सत्तारभाई बाही वर करायचे, पट्टा बांधायचे, मशीन घुर्रघुर्र करत फुगायची आणि आकडा दाखवायची... एकशे सत्तर, खाली शंभर. गोळी चुकली की जास्त. "मोठी भांडखोर आहे बाई ही मशीन," ते म्हणायचे, "सासूसारखी. कधी चांगलं बोलनच नाई." मग ते माझं बीपी बघायचे, बाजूच्या किराणावाल्याचं बघायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून बघायचे. कोणाचा आकडा बरा निघाला की स्वतःचाच निघाल्यासारखे खूश. पण गोळी नियमानं घेत. सलमाभाभी, त्यांची बायको, पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राही आणि गिळल्याशिवाय हलत नसे. आकडा हळूहळू उतरतही होता. हे सगळं मी एवढ्यासाठी सांगते आहे की माणूस ठीक होता. गाडी रुळावर होती.

साहेबांचा वाढदिवस आला. चौकाचौकात फ्लेक्स लागले, ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार आणि बीपी मशीनचं मोफत वाटप. आम्हा म्हाताऱ्यांना सकाळपासून मंडपात बसवलं. साहेब दुपारी आले. प्रत्येकाच्या हातात खोका देताना फोटो, फोटोसाठी खोका जरा वर धरायचा. मी बसून बसून कंटाळले आणि खोका न घेताच घरी आले. सत्तारभाई घेऊन आले. खोक्यावर साहेबांचा हात जोडलेला फोटो, आत घड्याळासारखी मनगटाला बांधायची छोटीशी मशीन. संध्याकाळी ओट्यावर त्यांनी ती बांधली, बटण दाबलं आणि चेहराच उजळला त्यांचा. एकशे बावीस, खाली ऐंशी. मी म्हटलं, आता जुनी लावून बघा. जुनीनं एकशे चौपन्न दाखवलं. पुन्हा नवी, एकशे वीस.

"दोनपैकी एक खोटी आहे सत्तारभाई. दवाखान्यात घेऊन जा दोन्ही, दाखवून या."

"कायले? आता कोनीतरी माह्याबद्दल चांगलं बोलून राह्यलं, तं त्याले तपासाले नेऊ?"

आम्ही हसलो. त्या वेळी ते हसण्यासारखंच वाटलं. पण ते दवाखान्यात गेले नाहीत ते नाहीतच. आठवडाभरानं बघते तर जुन्या मशीनचे सेल काढून त्यांनी टीव्हीच्या रिमोटमध्ये घातलेले. भाभी भांडली, मी भांडले. "अल्ला मेहरबान आहे, उतरला माहा बीपी," असं म्हणून त्यांनी गोळी एका दिवसाआड केली, आणि मग आठवण येईल तेव्हा. मला त्यांचाही राग येतो, खोटं कशाला बोलू. शहाणा माणूस, उभी हयात लोकांची तोंडं वाचून पोट भरलेला, आणि एका खेळण्याच्या तोंडपुजेपणावर भाळला. पण गोळी सोडण्यामागे, त्या आकड्यामागे त्यांना काय हवं होतं तेही मला माहीत होतं. पेटी एक दिवस कपाटावरून खाली आली. दुपारी दार लोटून ते ट्रंपेट पुसत बसायचे. मग बारीक आवाज येऊ लागला... मग मोठा.

उन्हाळ्यात साहेबांना कुठलंसं पद मिळालं आणि शहरात मिरवणूक ठरली. कोणाच्या तरी डोक्यात आलं की डीजेच्या पुढे जुना बँड हवा, फोटोत चांगला दिसतो. कार्यकर्ते सत्तारभाईंकडे आले. भाभीनं दारातूनच हात जोडले, "नाई भैया, डॉक्टरने मना किया है." सत्तारभाईंनी मनगट पुढे केलं, बटण दाबलं आणि सगळ्यांना आकडा दाखवला. "एकशे अठरा! काऊन नाई वाजवाचं मी?" कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतला एकजण म्हणाला, "साहेबांची मशीन आहे काका, खोटी थोडीच राहीन?"

भर दुपारची मिरवणूक. चंद्रपूरचं ऊन ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मी बँकेतून परत येताना वेशीच्या दरवाजापाशी रसाच्या गाडीच्या सावलीत थांबले होते, तिथून पाहिलं. लाल कोट, गाल फुगलेले, कपाळावरची शीर दोरीसारखी उभी. इतक्या वर्षांनी वाजवत होते, पण काय वाजवत होते! दुकानांतली माणसं बाहेर आली. आणि दरवाजातून पुढे येताच सूर एकाएकी फाटला, एखादं कापड फाटावं तसा. ट्रंपेट हातातून निसटलं. उजवा हात लोंबला, तोंड एका बाजूला ओघळलं आणि ते रस्त्याच्या कडेला खाली बसले. त्यांचा जुना ढोलवाला नामदेव ढोल टाकून धावला, मी धावले. मागचा डीजे थांबला नाही. मी हात हलवून ओरडत होते, "थांबवा, माणूस पडला!" माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. नाचणारी पोरं आम्हाला वळसा घालून नाचत पुढे गेली. एकानं नाचता नाचता मोबाइल आमच्याकडे धरला. उघड्या गाडीत साहेब होते. त्यांनी खाली पाहिलं, हे मी शपथेवर सांगते. पाहिलं, आणि पलीकडच्या गच्चीवरच्या बायांना नमस्कार केला.

ऑटोत घालून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि नर्सला घाईनं हाक मारली. मग त्यांचं लक्ष मनगटाकडे गेलं. ती मशीन अजून तिथेच होती. त्यांनी ती काढली, उलटसुलट करून पाहिली आणि माझ्या हातात दिली. संध्याकाळी नागपूरला हलवलं. सत्तारभाईंची वाचा गेली ती परत आली नाही. पुढे काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

शोकसभा वॉर्डाच्या समाजभवनात ठेवली, अर्थात साहेबांनीच. भाभी इद्दतीत होती, म्हणजे नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस ती घराबाहेर पडणार नव्हती. रुखसाना आली, तिच्या शेजारी मी बसले. स्टेजवर पुन्हा तोच मोठा चेहरा आणि तोच कोपऱ्यातला चौकोन. साहेब म्हणाले, "सत्तारभाई शेवटच्या श्वासापर्यंत आमच्यासाठी वाजवत राहिले." रुखसानानं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. आणि मग जाहीर झालं, मरहूम सत्तारभाईंच्या स्मरणार्थ ज्येष्ठांना बीपी मशीनचं वाटप. दाराजवळ टेबलावर खोक्यांची रास होती. फोटो तोच, खाली फक्त नवीन चिठ्ठी डकवलेली.

मी उठले आणि एक खोका घेऊन परत जागेवर आले. मशीन काढली. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. शेजारी एक रिकामी प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्या हाताला मी तो पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. मशीन शहाण्यासारखी फुगली, थोडं थांबली आणि आकडा आला. एकशे एकोणीस, खाली अठ्ठ्याहत्तर. नाडी बहात्तर. खुर्चीला नाडी होती.

वाटप करणाऱ्या पोरट्याला मी बोलावून दाखवलं. त्याला आश्चर्य वाटेल, तो घाबरेल, असं मला वाटलं होतं. तो हसला. "काकू, सगळ्यायलेच मालूम आहे ते. फुकटात कोनती मशीन भेटते? आकडा येते न, म्हातारे खूश होते." सगळ्यायलेच मालूम आहे! मी ती खुर्ची उचलली, पट्ट्यासकट स्टेजपुढे नेऊन ठेवली आणि मोठ्यानं म्हटलं, "हे बघा. या खुर्चीचं बीपी सत्तारभाईंपेक्षा चांगलं आहे. या मशीनच्या भरवशावर त्यांनी गोळी सोडली होती." सगळं सभागृह खुर्चीकडे बघू लागलं. साहेबांनी डोळे मिटले, माइकवाल्याकडे मान किंचित हलवली आणि माइकवरून घोषणा झाली, "सर्वांनी दिवंगत आत्म्यासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

सगळे उभे राहिले. मीही गप्प झाले. काय करणार? शांतता सत्तारभाईंसाठी होती, ती मी कशी मोडू? माझं तोंड बंद करायला त्यांनी माझाच माणूस वापरला. ती दोन मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. मी त्या खुर्चीच्या हातावरचा पट्टा बघत उभी होते. शांतता संपली तसे साहेब मागच्या दारानं निघून गेले. काही लोकांनी खोके टेबलावर परत ठेवले, नामदेवनं तर भिरकावला. पण बरेचजण काखोटीला मारून घेऊन गेले. बाजूचा किराणावाला, सत्तारभाईंच्या ओट्यावर रोज बाही वर करून बसणारा, तोही. मी बघते आहे म्हटल्यावर ओशाळून म्हणाला, "राहू द्या बाई, त्यात टाइम तं बराबर दिसते."

मी तक्रार लिहून दोन ठिकाणी नेऊन दिली. एका ठिकाणी सांगितलं, हे आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या ठिकाणी माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, ठेवून जा. अजून तरी काही झालेलं नाही, आणि होईल अशी आशा मी इथे उगाच दाखवणार नाही.

मागच्या आठवड्यात दवाखान्यातल्या एक नर्सबाई घरोघरी तपासणीसाठी गल्लीत आल्या, त्यांना मी भाभीकडे घेऊन गेले. आतली खोली, खिडकीला पडदा, भिंतीला टेकून बसलेली भाभी. नर्सबाईंनी विचारलं, याआधी कधी तपासलं होतं? भाभी माझ्याकडे बघू लागली. तेव्हा मला उमगलं, सगळ्या गल्लीचं बीपी मोजणाऱ्या त्या घरात हिच्या दंडाला कधी कोणी पट्टा बांधलाच नव्हता. ती पेला घेऊन उभी असायची. नर्सबाईंनी पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, कानाला नळी लावून ऐकलं. मग पुन्हा एकदा मोजलं. त्यांचा चेहरा बदलला आणि भाभीनं तो बदललेला पाहिला.

"थोडं वाढलेलं वाटते," नर्सबाई सावरून म्हणाल्या.

भाभीनं बाही खाली केली नाही. हात तसाच पुढे ठेवला.

"थोडं-बिडं नका बोलू बेटा," ती म्हणाली. "जितना है, उतना बोलो."