वेबसाइटवर लावलेला फ्लेक्स

७ मार्च. जळालेल्या मोटरीतली काळी पडलेली तार कापून काढत होते. मोटर भरायची म्हणजे आधी जुनी तार काढायची, खाचा साफ करायच्या, मगच नवीन कॉइल बसते. मांजरसुंब्याच्या आमच्या दुकानात कॉइल बांधायचं काम माझं आणि ती मोटरीत बसवायचं ह्यांचं. जानेवारीत हे गेले. छातीत दुखतंय म्हणाले, बीडला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आता कॉइल बसवतेही मीच.

मार्चमध्ये आमच्या दारात जळालेल्या मोटरींची रांग लागते. विहिरींचं पाणी खाली जातं, लाइट कमी दाबाने येते आणि मोटरी जळतात. त्या दिवशी एकच मोटर होती आणि दुकानाचा फोन गप्प होता. गिऱ्हाईक ह्यांचं होतं, ह्यांच्याबरोबर गेलं, असं मी धरून चालले होते. आणखी महिनाभर असंच चाललं तर दुकान बंद करायचं, हेही मनाशी ठरवलं होतं.

दुपारी चौसाळ्याचे एक जुने गिऱ्हाईक दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, दुकान चालू हाय?"

"शटर वर दिसतंय की."

"तसं न्हाई. मोबाइलवर कायमचं बंद म्हणतंय. आन तुमचं पान उघडलं की दादांचा फोटो येतो, हार घातलेला. म्या सकाळी बीडला मोटर देऊन आलो. आता वापस चाललो तर शटर दिसलं, म्हणून उतरलो."

"फोन करायचा."

"नंबर कुठं हाय? खाली समद्या भावकीची नावं हायेत, नंबर तेवढा न्हाई."

ते चहा पिऊन गेले. मी हात पुसले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा आमची वेबसाइट उघडली. ह्यांचा पासपोर्टचा फोटो मोठा करून लावलेला, मागे निळं आकाश, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली शोकाकुल म्हणून भाच्यापुतण्यांपर्यंत नावं. सगळं मिळून एक चित्र. बाकीची पानं नव्हती.

हे काम कुणाचं ते विचारावं लागलं नाही. धाकटे दीर फ्लेक्स छापतात. आमच्याकडे माणूस गेला की चौकात फ्लेक्स लागतो. वेबसाइटचा पासवर्ड त्यांच्याकडेही होता, त्यांनी तोच तिथे लावला.

ही वेबसाइट शोधात वर यायला आम्हाला काय काय करावं लागलं होतं, ते मला माहीत आहे. पहिली एका ओळखीच्या माणसाने बनवली. तिच्यावर परदेशातल्या कारखान्याचे फोटो फिरायचे आणि 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास' असं लिहिलेलं होतं. ती कुणालाच दिसली नाही. मग कुणीतरी सांगितलं, गावांची नावं घाला. आम्ही तेलगावपासून सगळी नावं तळाशी ओतली. तेव्हाही काही झालं नाही. 'तीन महिन्यांत पहिल्या नंबरवर आणतो' म्हणणाऱ्यांचे फोन यायचे. हे त्यांना विचारायचे, "तुमी कधी मोटर भरलीय का? न्हाई ना? मग आमच्याबद्दल काय लिवणार?"

फरक पडला तो ह्यांच्या बोलण्याने. शेतकरी विहिरीवरून फोन करायचे आणि हे मोटर भरता भरता व्हॉइस मेसेजवर उत्तर द्यायचे. मी ते ऐकून टाइप करायला लागले. गिऱ्हाइकाने जसं विचारलं तेच पानाचं नाव ठेवलं. 'मोटर चालू आहे पण पाणी कमी येतंय'. खाली ह्यांचं उत्तर: थ्री फेजची मोटर उलटी फिरत असेल, मेन बंद करून कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करा. एवढ्याने पुष्कळांचं काम व्हायचं, त्यांना दुकानात यायची गरजही पडायची नाही. मी म्हटलं, हे असं फुकट सांगून आपण खायचं काय? हे म्हणाले, "ज्याचं आज फुकटात झालं, तो मोटर जळल्यावर कुठं जाईल?"

फोटो आमच्याच टेबलावरच्या जळालेल्या कॉइलचे टाकले, तेही हलके करून, कारण शेतात रेंज कमी असते आणि जड पान उघडत नाही. फोन नंबर आणि दुकानाची वेळ सगळीकडे एकसारखी ठेवली. मोटर नेताना गिऱ्हाइकाला सांगायचो, तुमच्या शब्दात दोन ओळी लिहा, वाईट वाटलं असेल तर तेही लिहा. तेलगावच्या एका पाइपवाल्याने आपणहून आमच्या पानांचा दुवा त्याच्या वेबसाइटवर दिला. हळूहळू, वर्षभराने, मोटरीबद्दल कुणी काही विचारलं की आमचं पान वर दिसायला लागलं. सर्च इंजिन माणसाचा प्रश्न आणि कामाचं उत्तर शोधतं. फ्लेक्समध्ये दोन्ही नव्हतं.

संध्याकाळी दिरांना बोलावलं. ते बाकड्यावर बसले.

"भाऊजी, मोबाइलच्या नकाशावर दुकान कायमचं बंद कशापायी टाकलं?"

"सुतकात लोक मोटरी घेऊन दारात येत होते वहिनी. तुमाला तरास नको म्हणून."

"तेराव्यानंतर काढायचं होतं."

"ध्यानातच न्हाई राहिलं."

"आणि बाकीची पानं?"

"घरात दुखवटा आन वर 'मोटर का जळते' असलं? बरं दिसत नव्हतं. काढून टाकली."

काढलेली पानं महिनाभर वेबसाइटच्या कचराकुंडीत राहतात, नंतर आपोआप जातात. महिना होऊन गेला होता. मी म्हटलं, "हा फोटो मी उतरवणार आहे."

"वरीसबी झालं न्हाई, वहिनी! लोक काय म्हणतील?"

"ज्याची मोटर जळालीय, त्याला हार घातलेला फोटो बघून पाणी मिळतं का?"

ते मान खाली घालून म्हणाले, "मला दुसरं काय येतंय वहिनी? फ्लेक्सच येतंय. दादासाठी तेवढंच करता आलं."

मी चहा ठेवला. जाताना म्हणाले, "फोटो माझ्या हातानं न्हाई निघणार. तुमीच काढा."

ते गेल्यावर ह्यांचा फोन चार्जिंगला लावला. दोन महिने तो कपाटात पडून होता. आमची पानं परत लिहायची तर एकच मार्ग होता, ते व्हॉइस मेसेज. पहिला लावला. "हां पाटील, ऐका. आधी मेन बंद करा. वायरीला हात लावू नका, आधी मेन बंद करा." मागे माझ्या कॉइल गुंडाळायच्या मशीनचा खडखडाट. मग मध्येच, माझ्याकडे वळून, "अगं, ते मशीन थांबव जरा, ऐकू येईना." आणि मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

मी मेसेज बंद केला. भाजी चिरली, भाकरी केल्या, जेवले. नंतर पुन्हा सुरुवातीपासून लावला आणि टाइप केला. मशीनचं वाक्य गाळलं, ते गिऱ्हाइकाच्या कामाचं नव्हतं.

पानं पुन्हा वर यायला महिने लागतील, हे मला माहीत आहे. म्हणजे यंदाचा उन्हाळा हातातून गेला. पण मोटरी पुढच्या उन्हाळ्यातही जळणार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं, झाडून घेतलं. रस्त्यापलीकडे जाऊन उघड्या दुकानाचा फोटो काढला. ह्यांचा फोटो वेबसाइटवरून उतरवून तिथे तो लावला. खाली नंबर टाकला, वेळ टाकली, नकाशावर दुकान उघडं केलं. मग मशीन बंदच ठेवलं आणि दुसरा मेसेज लावला.