दादांच्या पायावर मारलेली टाच

दुष्काळाच्या त्या वर्षी मिरजगावच्या वाटेवर एका बाईचा कुणीतरी मागून गळा आवळला. ती बिचारी वाचली, पण माझं मास्तरणीच्या कोर्सला नगरला जाणं तिथंच अडलं. "न्हाई पाठवायची," वडील म्हणाले. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. जुने पैलवान, त्यांच्या 'न्हाई'पुढं आईचंही काही चालत नसे. मी दोन दिवस अन्नाला शिवले नाही. हट्टी म्हणजे किती, तर थेट बापाच्या वळणावर गेलेली!

तिसऱ्या दिवशी दादाच नमले. "माज्या हातातनं सुटून दाव. सुटलीस तर जा."

गोठ्यामागं शिकवणी सुरू झाली. मागून त्यांचा हात गळ्याभोवती पडला की मी घाबरून तो नुसता ओढत बसायची.

"आगं, आदी हनुवटी खाली घाल. तोंड कोपराकडं वळीव, तितं श्वासाला जागा घावती. मग दोनी हातांनी मनगट खाली खेच, कंबर बाजूला काढ आन् पायावर टाच हान. सुटलीस की पळ, मागं बघू नगंस."

सगळं जमलं. टाच मात्र मी नुसती टेकवायची. बापाला कशी मारायची?

परीक्षेच्या दिवशी मारली. चांगली जोरात. पकड ढिली झाली, मी निसटले. आणि काय केलं असेल? बापाला पाय लागला म्हणून वळले, वाकले आणि पाया पडले! दादांनी वाकलेली मान तशीच काखेत धरली.

"त्या हरामखोराच्या बी पाया पडनार व्हय?"

आईला हसू आवरेना. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे वाकणं लहानपणापासून अंगात मुरलेलं. ते कसं काढायचं, हे दादांनाही ठाऊक नसावं. शिकवलं होतं त्यांनीच. मला माझा राग आला, त्यांचा तर त्याहून जास्त.

"पुन्हा धरा," मी म्हणाले.

या खेपेला सगळा राग टाचेत उतरला. दादा कळवळले, ते मी ऐकलं. तरी पळाले, थेट विहिरीपाशी जाऊन थांबले.

सोमवारी ते माझी ट्रंक खांद्यावर घेऊन एस.टी.पर्यंत आले, लंगडत. मला त्यांच्याकडं बघवेना. कंडक्टरनं विचारलं, "पैलवान, पायाला काय झालं?"

"पोरीनं मारलं," दादांनी अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं.