हिरव्या दिव्यावर विश्वास नसलेले साडू

आमच्या साडूंइतका संशयी माणूस तापीच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही. डिंडोलीच्या आपल्या घरी जायला रिक्षात बसले की नाक्यानाक्यावर विचारणार, गाडी डिंडोलीलाच चाललीय ना? एकदा रिक्षावाल्याने वैतागून त्यांना मध्येच उतरवलं, तर मला म्हणाले, "बघा, मला वाटलंच होतं. हा डिंडोलीला जाणारच नव्हता." माझी बायको, म्हणजे त्यांची धाकटी मेव्हणी, गेली तेव्हापासून मी कडोदऱ्याला एकटा राहतो आणि त्यांच्या संशयाचं मुख्य गिऱ्हाईक झालो आहे. मी जेवत नाही, असा त्यांना दाट संशय.

पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये संगणकांच्या जाळ्याची देखभाल ते करत. सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात त्या स्विचच्या पेटीवर हिरवे दिवे लुकलुकतात, आणि ते पाहून बाकीचं जग निवांत होतं. साडू होत नसत. "दिवा हिरवा शे, पन त्याना पुढे रस्ता शे का?" दिवा सांगतो ते एवढंच की वायर पलीकडच्या पेटीला लागली आहे. त्या पेटीपुढे सगळं मेलेलं असलं तरी हा आपला हसतमुख! म्हणून साडूंनी स्विचलाच स्वतःचा स्वभाव शिकवला. त्याने अधूनमधून लांबच्या एका यंत्राला हाक मारायची, ओ आली नाही तर ती लाइन बंद करून दुसरी धरायची. गंमत अशी की दोन्ही लाइनींसाठी हाक त्याच एका यंत्राला. एके दिवशी ते यंत्रच दुरुस्तीला बंद होतं. स्विचने पहिली लाइन बंद केली, मग दुसरी, आणि दोन्ही लाइनी धडधाकट असताना मिल ठप्प झाली. साड्यांनी भरलेले ट्रक बिलांवाचून फाटकात अडकले. शेठ धावत आले, "शुं थयुं? नेट क्यां गयुं?" साडू शांतपणे म्हणाले, "नेट तो है, सेठ. अपने स्विच को भरोसा नहीं." त्यानंतर मात्र त्यांनी नियमच केला की लांबच्या तीन यंत्रांना विचारायचं आणि तिन्ही गप्प राहिली तरच घाबरायचं.

तिघांना विचारायचा तोच नियम मला लागू झाला, फक्त घाबरायला एक साक्ष फिरली तरी पुरे. रोज संध्याकाळी फोन यायचा, "जेवनात का?" मी हो म्हणायचो. मग ते शेजारच्या काकूंना विचारायचे, मग खालच्या डेअरीवाल्याला. साक्षी जुळल्या नाहीत की डबा घेऊन स्कूटरवर दारात हजर, आणि आत आल्या आल्या माझी भांडी हुंगणार. मला याचा भयंकर राग यायचा. आणि डबा उघडला की राग टिकायचा नाही, हेही खरं.

गेल्या महिन्यात मिलने ते काम बाहेरच्या कंपनीला दिलं आणि साडूंना घरी बसवलं. त्यांचा फोन येईनासा झाला. मीच केला, तर म्हणाले, "बठ्ठं बरं शे." सगळं बरं असल्याचं हे उत्तर जरा जास्तच चटकन आलं. मी ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं. त्याही ठीक म्हणाल्या, पण आवाज बारीक करून. मग त्यांच्या इमारतीखालच्या पानवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "अंकल तो नीचे उतरते ही नहीं."

मी खिचडी केली, डबा भरला आणि डिंडोलीची रिक्षा धरली. वाटेत रिक्षावाल्याला दोनदा विचारलं, डिंडोलीलाच ना?

साडूंनी दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"जेवलात का?" मी विचारलं.

"हो."

मी आत गेलो आणि त्यांची भांडी हुंगली. साडू खाली बसले, डबा जवळ ओढला, झाकण उघडून वास घेतला आणि डोळे बारीक करून म्हणाले, "मीठ टाकेल शे ना?"

इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.