काकांचा तलवारवाला

"फसवलं!"

थिएटरातून बाहेर पडताना काका उजव्या हाताची मूठ डाव्या तळव्यावर आपटायचे आणि एवढंच म्हणायचे. पिक्चर मारामारीचा असो, देवाचा असो, नाहीतर रडका, निकाल ठरलेला. "फसवलं साल्यांनी."

तुम्हीही असे प्रेक्षक पाहिले असतील, तिकीट काढून भांडायला जाणारे. काका त्यातले नव्हते. त्यांचा राग खरा होता, आणि तो कुठून आला ते आमच्या अख्ख्या चाळीला माहीत होतं. म्हणूनच ते चिडले की सगळे घाईघाईने विषय बदलायचे.

काका आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे, डोंबिवलीत, मानपाडा रोडला. तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते, माझे बाबा त्याच खात्यात हेल्पर. ऐंशीनंतर कधीतरी कंपनीने जपानहून मशिनं आणली आणि ती शिकायला काकांना काही महिने जपानला पाठवलं. विमानात बसणारा चाळीतला पहिला माणूस. हार घालून पाठवलं होतं त्यांना. ते तिकडे असतानाच काकू काविळीने गेल्या.

आता ऐका. कंपनीच्या साहेबाने चाळीतल्या मोठ्या माणसांना बोलावून सांगितलं, "आत्ता कळवू नका. ट्रेनिंग अर्धं टाकून येईल. आणि येऊन तरी काय करणार?" चाळीने मान डोलावली. त्याच्या भल्यासाठी, म्हणे. आपल्याकडे रीतच आहे ही. लांबच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, नुसतं 'तब्येत जरा बरी नाही' म्हणायचं. इथे तेवढंही कुणी म्हटलं नाही. पोरंबाळं नव्हती, म्हणजे हट्ट धरून सांगणारंही कुणी नव्हतं. काका काकूंसाठी फुलाफुलांची छत्री घेऊन दारात आले तेव्हा दाराला कुलूप होतं. किल्ली माझ्या आईकडे होती. आईने ती पदराखाली धरली आणि रडायला लागली, तेव्हा त्यांना कळलं.

बाकी लोक परदेशातून टेपरेकॉर्डर आणत. काकांनी आणलं होतं एक पुस्तक. विटेएवढं जाड, पानोपानी चित्रं, अक्षर न् अक्षर जपानी. हॉस्टेलात शेजारच्या खाटेवरच्या कामगाराने ते भेट दिलेलं. सामुराईची गोष्ट होती. सामुराई म्हणजे तिकडचा तलवारबहाद्दर. डोक्यावर गवती टोपी, गालावर व्रण, कमरेला दोन तलवारी.

काकू गेल्यानंतर काका कुणाशी बोलत नसत. मग एका रविवारी दुपारी ते पुस्तक घेऊन गॅलरीत बसले. आधी पोरं जमली, मग बायका, मग पेपर हातात धरून पुरुषही. पुढे दर रविवारचं झालं ते. काका चित्रावर बोट ठेवून गोष्ट सांगायचे. पहिल्या पानावर समुद्रकाठी एकटा उभा असलेला म्हातारा तलवारवाला. तिथून तो निघतो, लढतो, लढता लढता तरुण होतो.

"तरुण कसा होतो?" पोरं विचारायची.

"लढणाऱ्या माणसाचं वय उतरतं," काका सांगायचे.

एका पानावर माणूस मरून पडलेला, पुढच्या पानावर त्याच्याशीच बाचाबाची. त्यावरही उत्तर तयार. "आपला माणूस आधी मारतो, मग भांडतो. वेळ नाही त्याच्याकडे." गालावरचा व्रणही मध्येच नाहीसा व्हायचा. "औषध चांगलं असतं तिकडे." आणि शेवटी यायचं ते घर. आधी नुसती राख, मग धूर, मग ज्वाळा, मग अख्खं शाबूत घर. "गाव धावलं. सगळ्यांनी मिळून आग विझवली," काका सांगायचे. शेवटच्या पानावर तलवारवाला दारात उभा, बायको भात वाढतेय. तिथे काका पुस्तक मिटायचे. "पोचला," म्हणायचे. तेवढंच. आई दर वेळी आत जाऊन डोळे पुसायची.

मुखपृष्ठ पुस्तकाच्या मागच्या बाजूला होतं. "जपानी लोक मागे छापतात," असं काका म्हणायचे, आणि आम्हाला पटायचं. आमच्यातल्या कुणी जपान पाहिलं होतं?

मग एक दिवस विठ्ठलवाडीच्या व्हिडिओ लायब्ररीत काकांना एक कॅसेट दिसली. डब्यावर तीच गवती टोपी, तोच व्रण. त्यांच्याच पुस्तकावर माणसं घेऊन काढलेला पिक्चर! काका दहा वर्षांनी लहान झाल्यासारखे धावत आले. "माझ्या माणसाचा पिक्चर आलाय. रविवारी सगळ्यांनी यायचं." भाड्याने व्हीसीआर आणला, खिडकीला चादरी लावल्या, खोलीत मुंगीला जागा नाही. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. ती वाचून मराठीत सांगायचं काम माझं. मी तेव्हा बीएच्या शेवटच्या वर्षाला होते, आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली. हे मिरवायला सांगतेय का? हो, मिरवायलाच.

सुरुवातीलाच लोकांनी मतं द्यायला सुरुवात केली.

"काय हो काका, हा फारच गुटगुटीत आहे."

"केसांचा टोप आहे तो, कानाजवळ शिवण बघ!"

"पुस्तकात एका उडीत झाडावर जायचा. इथे दोरी दिसतेय की."

"चालतो कसा बघ," काका स्वतःच करवादले. "चपला घ्यायला निघाल्यासारखा! माझा माणूस असा चालत नाही."

आणि मग घर आलं. दारात बायको, हातात भाताचं भांडं. काका पुढे सरकून बसले. "अरे, इतक्यात कसा पोचला?" म्हणेपर्यंत घोडेस्वार आले, बायको पडली आणि घर पेटलं. खाली अक्षरं आली. मी वाचली, "काही वर्षांनंतर."



"चुकीचं आहे!" काका उभे राहिले. "उलटं केलंय नालायकांनी! घर आधी कसं जाळतील?"

मागच्या बाजूला चाळीतला डिप्लोमावाला बसला होता, त्याच कंपनीत सुपरवायझर. तो हसत म्हणाला, "काका, पिक्चर बरोबर आहे. जपानी लोक पुस्तक उजवीकडून वाचतात. तुम्ही अख्खी गोष्ट शेवटाकडून सांगितलीत आम्हाला. इतके महिने तिथे राहिलात, एवढंही कळलं नाही?"

झालं. आधी पोरं हसली, मग बायका, मग सगळी खोली. "म्हणून मेलेली माणसं भांडत होती होय!" ज्यांनी वर्षानुवर्षं रविवारची दुपार त्या गोष्टीवर काढली, ज्यांच्या बायकांनी डोळे पुसले, तीच माणसं मांड्या थोपटत होती. आज लिहितानाही माझं डोकं फिरतं. पुस्तक उलटं वाचलं त्यांनी. बरं. मग? तुमच्यापैकी एकाला तरी सुलट वाचता येत होतं?

काका हसणं थांबायची वाट बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते तुम्ही शिकवणार मला?"

आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

"ती गेली कधी, आणि मला सांगितलंत कधी? जाळून, दिवस घालून, भांडी घासून मोकळे झालात तुम्ही. मी तिकडे तिच्यासाठी छत्रीचा रंग निवडत होतो. तेव्हा नाही कुणाला सुचलं, की हे उलटं चाललंय?"

माझे बाबा खाली बघत होते. डिप्लोमावाल्याने टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस. चालू दे. शेवटपर्यंत बघणार आहे मी."

आणि ते बसले. एकेक करून लोक उठून गेले, कुणाला पाणी भरायचं होतं, कुणाचं दूध ठेवलेलं. तोंड लपवायला कारणं बरी सापडतात. शेवटी खोलीत काका आणि मी. पडद्यावर समुद्रकाठी म्हातारा तलवारवाला उभा. एक कोळी त्याला काहीतरी विचारतो.

"काय विचारतोय?"

"कुठे जाणार, म्हणून."

तलवारवाला नुसता पाण्याकडे बघत राहिला. काका माझ्याकडे बघत होते. मी 'घरी' म्हणाले असते तर त्यांनी मानलं असतं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण त्या माणसाला त्याच्या भल्यासाठी अजून एकदा फसवायचं? मी नाही म्हटलं स्वतःला.

"काही बोलला नाही, काका. त्याला घरच नाही."

त्यांनी मान हलवली. "बरं केलंस, आत्ताच सांगितलंस."

चाळीत पुन्हा गोष्ट झाली नाही. कंपनीत त्यांना 'उलटा जपान' म्हणायला लागले, ते ज्याने सुरू केलं त्याचं नाव घ्यायचीही माझी इच्छा नाही. थोड्या दिवसांनी काकांनी हिशोब घेतला आणि ठाण्याला कोपरीत बहिणीकडे राहायला गेले.

आता ते नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नोकरी लागल्यावर, पेढे घेऊन गेलेले तेव्हा. बहिणीच्या घरासमोर ओट्यावर बसले होते. खाडीवरच्या कोळणी मासे विकून टोपल्या उपड्या घालून समोर बसलेल्या, चार-दोन पोरंही. पुस्तक हातात नव्हतं. तोंडीच सांगत होते, आणि रागाने सांगत होते. पहिल्याच वाक्यात घर पेटलेलं, बायको मेलेली.

"नको रं बाबा असली गोष्ट," एक कोळीण उठत म्हणाली. "चांगलं काय ते सांग ना."

"बस खाली," काका कडाडले. "जे आधी झालं ते आधी ऐकायचं."

ती बसली.