‘ऐकू आलं नाही’ म्हणायला शिकवणाऱ्या बाई

भोईर बाई गेल्याचं मला ओंकारने कळवलं. बेलापूरच्या ऑफिसात मी एका इमारतीच्या जिन्याचं ड्रॉइंग काढत बसले होते आणि टेबलावरचा फोन थरथरला. व्हिडिओ कॉल होता. ओंकारला कानाचं मशीन लावूनही जेमतेम ऐकू येतं, मला मशीन लावून बऱ्यापैकी येतं. आम्ही दोघं बाईंच्या शनिवारच्या वर्गातले. एरवी ओंकारचा चेहरा स्क्रीनवर येण्याआधी त्याचे हात बोलायला लागलेले असतात. त्या दिवशी तो नुसता बघत राहिला... मग त्याने खुणेने ‘बाई’ म्हटलं आणि पुढची खूण करायला त्याचे हात वर आलेच नाहीत. मला कळलं. त्याला आता महिना उलटून गेलाय.

सारसोळ्याला बाईंच्या घरी आम्ही जुने विद्यार्थी जमलो, तेव्हा बाहेरची खोली पाहुण्यांनी भरून गेली होती आणि आम्हाला भिंतीला पाठ लावून एका रांगेत बसवलं होतं. रांगेत बसलं की आम्हाला एकमेकांचं काही दिसत नाही, म्हणजेच बोलता येत नाही. बाईंच्या सुगंधा वहिनींच्या ते बरोबर लक्षात आलं. रडून त्यांचे डोळे सुजले होते, तरी पाहुण्यांना त्यांनी उठवलं. “सरका जरा तिकडं. ही आमच्या ताईची पोरं हायेत. त्यांना गोल बसू द्या, येकमेकांची तोंडं दिसाया पायजेत.” आम्ही गोल करून बसलो, हातांनी बाईंच्या आठवणी काढायला लागलो आणि थोड्याच वेळात कोणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसायला लागलो. मयताच्या घरात हे काय चाललंय, अशा नजरेने पाहुणे बघत होते. वहिनी म्हणाल्या, “हसू द्या. तिला बरं वाटंल.”

बाई सरकारी नोकरीत होत्या. नवी मुंबईतल्या शाळाशाळांमधून कमी ऐकू येणाऱ्या मुलांना भेटत फिरणं हे त्यांचं काम. शनिवारचा वर्ग मात्र त्यांचा स्वतःचा. नेरुळच्या एका शाळेने दुपारी रिकामी असलेली खोली त्यांना दिली होती. तिथे विषय दोनच, कान आणि मशीन सांभाळायचं कसं आणि आपल्यासाठी आपण बोलायचं कसं. मी अकरा वर्षांची असताना आई मला तिथे घेऊन गेली. लहानपणीच्या एका तापात माझं ऐकणं गेलं होतं. आई मला केस मोकळे ठेवायला लावायची, कानामागचं मशीन कोणाला दिसू नये म्हणून. बाईंनी माझं नाव विचारलं, शाळा विचारली आणि मग सहज नाक पुसावं तसा रुमाल तोंडासमोर धरून आणखी काहीतरी विचारलं. मी नेहमीसारखी मान डोलावली, वर गोडसं हसलेही. शेजारी आई एकदम ओढणीत तोंड खुपसून हसायला लागली. बाईंनी रुमाल खाली घेतला. “तुझ्या आईला शेपटी आहे का, असं विचारलं मी. तू हो म्हणालीस.”

शाळेत मी कित्येक वर्षं हेच करत होते. गणित कळलं का? हो. सहलीला येणार का? हो. खडू तूच मोडलास ना? हो. बाईंनी माझी हनुवटी धरून मान स्थिर केली आणि म्हणाल्या, “नंदीबैल आहेस का गं तू? नाही कळलं तर नाही कळलं म्हणायचं. त्यात तुझं काहीच जात नाही.” त्यांचा चेहरा इतका मोकळा होता की मला मशीनशिवायही त्या कळल्या असत्या. आणि पुढच्या शनिवारी आईने, कोणी न सांगता, माझ्या दोन घट्ट वेण्या घातल्या.

कानांच्या बाबतीत बाई भलत्या कडक. आमच्याकडे खाडीची दमट हवा, मशीनला ती मानवत नाही. त्यामुळे झोपताना मशीन काढून, सेल बाजूला ठेवून, ओल शोषणारी पुडी टाकलेल्या डब्यात झाकण लावून ठेवायचं. कानात बसणारा मोल्ड मशीनपासून सोडवून कोमट पाण्यात धुवायचा आणि पूर्ण वाळवायचा. पिना, काड्या, किल्ल्या कानात घालायच्या नाहीत. सर्दी झाल्यावर आमची आत्या गरम तेल घालायला आली, तेव्हा मी तिला बाईंचं वाक्य ऐकवलं होतं, “आत्या, कान म्हणजे भजी तळायची कढई नाही.” प्रत्येकाने आपल्या मशीनला नाव ठेवायचं, अशी वर्गाची पद्धत होती. माझी चिंगी, ओंकारचा पोपट. “पोपटाला घाम आलाय, पूस त्याला,” असं बाई म्हणायच्या आणि नववीतला आडदांड ओंकार खिशातून रुमाल काढायचा. स्वतःच्या भाच्याच्या हळदीला डीजे लागला, तेव्हा बाईंनी फोमचे बोळे आणून आल्यागेल्याच्या कानात बसवले. नवरदेवही सुटला नाही. हळदीच्या फोटोत त्याच्या पिवळ्या कानांतून ते बोळे छान दिसतात.

बोलण्याचा सराव वर्गात संपला की परीक्षा मासळी बाजारात व्हायची. तिथे सुगंधा वहिनी मासे विकायच्या. बाजारात जायच्या आधी बाईंनी बजावलं, “नुसतं ‘काय?’ म्हणायचं नाही. लोक वैतागतात. जेवढं कळलं तेवढं सांगायचं आणि राहिलेलं विचारायचं.” माझी पाळी आली. भोवती कल्ला, कोयत्यांचे आवाज, आणि वहिनी तोंडाला पदर लावून काहीतरी पुटपुटल्या. त्या मुद्दाम तसं करत होत्या हे मला काय माहीत! मी म्हटलं, “बोंबील म्हणालात ते कळलं, पुढचं नाही कळलं.” त्या पदराआडूनच पुन्हा बोलल्या. मग पदर काढून मोठ्याने म्हणाल्या, “काय गो पोरी, बहिरी हायस काय?” आजूबाजूच्या चार बायका वळून बघायला लागल्या. मला रडूच येणार होतं... पण तोंडातून निघालं, “हो, आहे. म्हणून तर पदर काढून बोला ना.” बाजारात एकदम हशा पिकला आणि वहिनींनी ओल्या हाताने माझा गालगुच्चा घेतला. त्या दिवशी माझ्या गालाला आणि चिंगीला बोंबलाचा वास येत होता आणि मी घरभर मिरवत होते.

त्याच संध्याकाळी जेटीकडून परत येताना बाईंनी त्यांच्या वडिलांचं सांगितलं. होडीच्या इंजिनाशेजारी जन्म काढलेला माणूस. म्हातारपणी ऐकू येईनासं झालं आणि परत परत विचारायची त्यांना लाज वाटायची. घरातले हसले की तेही हसायचे, कशाला ते न कळता. “मला तेव्हा वाटायचं, बाबा किती मजेत आहेत,” बाई म्हणाल्या.

मी सिव्हिलच्या डिप्लोमाला गेले आणि शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेत आपटले. बाहेरून आलेले परीक्षक खिडकीबाहेर बघत, मिशांच्या आतल्या आत प्रश्न विचारत होते. ऐकू आलं नाही, असं मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यांनी हात झटकला आणि नापास करून टाकलं. वर्ष जाणार होतं. मी बाईंना मेसेज केला, ‘तुम्ही येऊन प्राचार्यांशी बोला.’ त्या आल्या, पण कॉलेजच्या फाटकापाशीच थांबल्या. “मी आत येणार नाही. उद्या साइटवर कोण येणार आहे तुझ्यासाठी बोलायला? जा. मी इथे चहा पिते.” मला त्यांचा असा राग आला! त्या रागातच मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले. ते कॉम्प्युटरकडे बघत बोलायला लागले. मी म्हटलं, “सर, तुम्ही माझ्याकडे बघून बोललात तर मला कळेल.” त्यांनी दचकून वर पाहिलं. मग मी सरळ सांगितलं की मला मार्क वाढवून नकोत, सोपे प्रश्न नकोत. प्रश्न समोर बघून विचारावेत, नाहीतर कागदावर लिहून द्यावेत. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं.” पुढच्या आठवड्यात परीक्षा पुन्हा झाली, दुसरे परीक्षक आले आणि मी चांगली पास झाले. त्या दिवशी प्राचार्यांशी बोलून बाहेर आले तेव्हा बाई अगदी निवांत चेहऱ्याने बाकावर बसलेल्या. चहावाला मात्र मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम फुल टेन्शनमध्ये होत्या. चहावर चहा. मधेच उठून गेटपर्यंत जायच्या, परत यायच्या.”

गेल्या वर्षी त्यांना कॅन्सरचं निदान झालं. त्यावरच्या औषधांनी त्यांचं स्वतःचं ऐकणं कमी होत गेलं. शेवटी हॉस्पिटलमध्ये होत्या तेव्हा मी उशाशी बसले होते. डॉक्टर मास्क लावून राउंडला आले, भराभर काहीतरी विचारलं, आणि बाईंनी मान डोलावली. गोडसं हसल्याही. डॉक्टर वळले. मला ते काय म्हणाले हे कळलं नव्हतं, पण त्या हसण्याची माझी जुनी ओळख होती. मी बाईंसमोर वाकून म्हटलं, “बाई, नंदीबैल!” त्या क्षणभर बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की सलाइनची नळी हलायला लागली. “डॉक्टर, थांबा,” त्यांनी हाक मारली, “मला ऐकू आलेलं नाही. लिहून दाखवा.” डॉक्टरांनी फोनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘घरी सोडता येईल, पण आणखी काही दिवस इथेच राहायचंय ना?’ बाई ताडकन म्हणाल्या, “अजिबात नाही! मला घरी जायचंय.”

दुसऱ्या दिवशी त्या सारसोळ्याला आल्या आणि जे काही दिवस उरले होते ते त्यांनी स्वतःच्या पलंगावर काढले. वहिनींच्या हातचं कोलंबीचं कालवण चमचा चमचा खाल्लं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला “पुढ्यात बस, हळू बोल” असा दम दिला. मी शेवटची गेले तेव्हा त्या ओंकारशी खुणांनी भांडत होत्या, त्याने मोल्ड बदलून घेतला नाही म्हणून.

आता शनिवारी वर्ग ओंकार आणि मी घेतो. खोली तीच आहे. तिची एकुलती एक खिडकी पश्चिमेला, आणि बाई कायम तिच्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या, उजेड चेहऱ्यावर पडावा आणि मुलांना ओठ नीट दिसावेत म्हणून. दुपार उतरली की ऊन थेट त्यांच्या डोळ्यांत जायचं. डोळे बारीक करून त्या शिकवत राहायच्या आणि आम्हाला वाटायचं, बाई सारख्या हसतायत. पहिल्या शनिवारी मी त्यांच्या जागी उभी राहिले, तेव्हा ते ऊन काय असतं ते कळलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पडदा ओढायला हात गेला... आणि तसाच मागे आला. डोळे बारीक केले आणि बोलायला लागले. पहिल्या बाकावरच्या नव्या मुलीने हात वर केला. “ताई, डब्याचं कळलं. पुढचं तुमी लई फास्ट बोलला. परत सांगा.”

मी परत सांगितलं.