सीटच्या मागून लावलेला पट्टा

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चप्पल घालून चालू लागणारा माणूस मी. माझा विश्वास यंत्रावर... बिघडलं तर दुरुस्त होतं, नाही तर भंगारात जातं. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटते आहे.

मी केशोरीचा. धानाची शेती आणि खताचं दुकान. मुलाच्या आग्रहानं सेडान घेतली – सहा एअरबॅग, एबीएस, आणि पट्टा लावला नाही की टीं-टीं करून डोकं उठवणारा अलार्म. माझी बायको सुमन त्या अलार्मला फार वैतागायची. मग आमच्याकडे बरेच जण करतात तेच तिनं केलं. पट्टा पाठीमागून नेऊन खटक्यात अडकवला आणि त्यावर टेकून बसली. आवाज बंद. मी दर वेळी टोकायचो, "पुढून लाव, जिवाचं काम आहे." तिचं उत्तर ठरलेलं, "अजी, मले गुदमरल्यावानी होते. अन् तुमच्या गाडीले काय समजते, पट्टा पुढं आहे का मागं?"

खरंच होतं. गाडीला फक्त खटका लागलाय की नाही, एवढंच कळतं.

दोन वर्षांपूर्वी ती आजारपणात गेली. तिनं अडकवलेला पट्टा तसाच राहिला, मी तो कधी उघडला नाही. घरातलं तिचं सामान सुनेनं आवरून ठेवलं होतं. तिच्या हातची तेवढी एकच गोष्ट उरली होती.

मुलगा पुण्याला असतो. "बाबा, एकटे काऊन राहता? गाडी विका अन् इकडं या." शेवटी मी हो म्हटलं. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी गाडी गोंदियाच्या गिऱ्हाईकाला द्यायला निघालो. शेजारच्या सीटवर पिशवीसुद्धा नव्हती.

नवेगावबांधचं जंगल लागलं आणि टीं-टीं सुरू झालं. समोर शेजारच्या सीटचा लाल दिवा. रिकाम्या सीटसाठी तो लागतच नाही. मी पट्टा चाचपला – खटक्यात पक्का. गाडी बंद करून चालू केली... आवाज थांबेना.

कोहमाऱ्याला गणपतच्या ढाब्यावर थांबलो. आम्ही एका शाळेतले. तो खिडकीतून आत वाकला.

"पट्टा त लागलाच आहे ना बे. मंग कायले बोंबलून राहिली?"

"तेच त समजून नाही राहिलं."

"एकदा काढून लाव."

काढावा लागला. खटका दाबला तसा पट्टा सरसर आत गेला. पुन्हा तिच्यासारखा मागून अडकवला – आवाज चालूच. मग का कोण जाणे, मी तो रिकाम्या सीटवर पुढून ओढला, तिला लाव म्हणायचो तसा. खट्. आवाज बंद.

गणपत हसायला लागला आणि मध्येच थांबला. मीही पाहिलं. पट्टा सीटला टेकलेला नव्हता. वीतभर पुढे, हवेत ताणलेला. मी तळव्यानं दाबला तर दबेना.

गणपतनं खिडकीतला हात काढून घेतला. "कुठं जाऊन राहिलास?"

"गाडी द्याले."

"नको देऊ," तो एवढंच म्हणाला.

तिथूनच गाडी वळवली. केशोरीला पोचलो तेव्हा पट्टा सीटला सपाट चिकटलेला होता.

सर्व्हिस सेंटरमध्ये सगळं तपासलं, बिघाड काही निघाला नाही. मुलगा म्हणतो, सेन्सरच असेल. असेलही. पण पट्टा मागून आहे की पुढून, हे ओळखणारं या गाडीत काही नाही, हे त्यालाही माहीत आहे. मला आजवर याचा उलगडा झालेला नाही. पुण्याला मात्र गेलो नाही.

आता कधीकधी मी तो पट्टा मुद्दाम मागून अडकवतो आणि नवेगावबांधपर्यंत जाऊन येतो. कधी तर उघडाच ठेवतो. रिकाम्या सीटसाठी अलार्म वाजत नाही, तसा तो आताही वाजत नाही. "गाडीले काय समजते," असं मी मोठ्यानं म्हणून पाहतो, तिच्याच सुरात... पण अख्ख्या रस्त्यात टोकायला कोणी नसतं.